सेनापतींची दुसरी बायको

माझ्या कार्डावर एक फालतू शब्द काढून दाखवा. एकोणीस वर्षं मी एका ज्ञानकोशाच्या कचेरीत बसतो आहे आणि तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर मी जेवढं मावतं करतो, तेवढं इतरांना दोनशे पानी वहीत जमत नाही. क्रियापद मी शक्यतो टाळतो. विशेषणं तर मी घरी स्वयंपाकालाही लावत नाही. विधान, आधार, मतभेद, खेळ खलास. माझं कार्ड वाचून कोणाचा गैरसमज होणंच शक्य नाही, असं मी नव्याने लागलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगत असे. हल्ली सांगत नाही.

कोशात माझ्याकडे देव आहेत. म्हणजे देवांचा विभाग. नद्या दुसऱ्याकडे, वनस्पती तिसऱ्याकडे. माझ्या कार्डांची एक लांबट लाकडी पेटी आहे आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत ‘देव’ असं रंगवलेलं आहे. आता पेटीवरच लिहिलंय म्हटल्यावर आतल्या प्रत्येक कार्डावर पुन्हा देव देव कशाला करायचं? मी करत नाही. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मला दोष देताना तुम्हाला सोपं जाईल.

त्या दिवसांत माझ्या टेबलावर कार्तिकेय होता. काम असं होतं की संस्कृत पोथ्या त्याच्याबद्दल काय म्हणतात आणि तमिळ पोथ्या काय म्हणतात, ते समोरासमोर मांडायचं. वरवर पाहिलं तर देव एकच. सहा तोंडं, बारा हात, मोर, भाला, देवांच्या सैन्याचा प्रमुख. पण मी पोथीच्या बाबतीत संशयी माणूस आहे. जरा खोलात गेलो आणि संशय बळावला. एका बाजूला काही जण त्याला कडक ब्रह्मचारी म्हणतात, तर दुसऱ्या बाजूला तो दोन बायकांबरोबर राजरोस उभा. एकीकडे गणपतीचा थोरला भाऊ, दुसरीकडे धाकटा. एखाद्या माणसाबद्दल दोन गल्ल्यांतून अशी उलटसुलट माहिती आली असती, तर आपण त्याला उसनी साखरसुद्धा दिली नसती.

त्यात नावाचा घोळ. संस्कृतात स्कंद, कुमार, कार्तिकेय, तमिळमध्ये मुरुगन. मथळ्याला एक नाव घातलं की दुसरी बाजू म्हणणार, हा फितूर झाला. म्हणून दोन्हीकडे मान्य असलेला हुद्दाच मी मथळ्याला टाकला: सेनापती. ‘संस्कृत पोथ्यांत’ आणि ‘तमिळ पोथ्यांत’ असं लिहायला जागा फार जाते, त्याऐवजी ‘इकडे’ आणि ‘तिकडे’. कार्ड तयार झालं ते असं:

सेनापती.
१. लग्न – इकडे नाही. तिकडे दोन. मतभेद.
२. भाऊ – एक. इकडे हा थोरला, तिकडे धाकटा.
३. दुसरी – डोंगरातली. वेष बदलून भेट. भावाची मदत (हत्ती).
४. फळावरून भांडण. घर सोडलं. डोंगर. परत नाही.
५. पहिलीला दुसरीचं माहीत? – पाहणे.

देखणं कार्ड. अजूनही म्हणतो.

दुर्दैव एवढंच, की आमच्या घरात एक सेनापती आधीपासून होता. माझा मेहुणा. तो एका सहल कंपनीत आहे. गळ्यात शिटी, हातात झेंडा, मागे चाळीस माणसं. महिन्यातले पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे. लहानपणीच त्याच्या ताईने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला सेनापती म्हणायला सुरुवात केली आणि आता सगळेच म्हणतात. त्याची होणारी बायकोसुद्धा.

ही मुलगी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. सहलीला आली होती, बसमध्ये झेंड्यावरची अक्षरं लांबून वाचता येत नाहीत म्हणून तिने मेहुण्याला झापलं आणि तिथून दोघांचं जमलं. येत्या गुरुवारी नोंदणी कचेरीत सह्या करायच्या होत्या. अडचण एकच होती, तिचे मामा. मुलीला आईवडील नाहीत, मामांनी वाढवलं. मामा नाही म्हणाले तर मी सही करणार नाही, हे तिने मेहुण्याला आधीच स्वच्छ सांगितलेलं. आणि मामांनी चोवीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांची तपासणी केलेली. लोकांची गोदामं जळाली की हे राखेत काडी घालून बघायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, काडी अजून हातातच होती.

“मामा रविवारी अकराला येणार आहेत चौकशीला,” बायको म्हणाली. “तुम्ही जरा कमी बोला.”

“मी कमीच बोलतो.”

“म्हणूनच भीती वाटते.”

रविवारी साडेदहाला दारावरची घंटा वाजली. बायको बिस्किटं आणायला खाली गेली होती. मी अर्ध्या दाढीवर दार उघडलं. दारात मामा. बारीक, ताठ, खिशाला तीन पेनं.

“अकराचं ठरलं होतं ना?” मी म्हणालो.

“अकराचं सांगितलं की साडेदहाला जायचं. अकरापर्यंत लोक आवरून ठेवतात.” त्यांनी माझ्या फेसाकडे पाहिलं. काय आवरायचं राहिलंय याचा हिशेब चालला असावा.

मी त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. तिथे माझी कार्डं पसरलेली होती, कारण मजकूर गुरुवारी छापायला जायचा होता. “हे माझं काम. बघा हवं तर,” असं मी म्हणालो. हे वाक्य मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

दाढी उरकून बाहेर आलो तेव्हा मामांच्या हातात सेनापतींचं कार्ड होतं. ते त्यांनी उजेडाकडे तिरकं धरलं होतं. नोटेवर असते तशी पाण्याची खूण शोधत असावेत.

“हे टिपण तुमचंच?”

“माझंच.”

“सेनापतींची माहिती किती दिवस गोळा करताय?”

“तीन महिने झाले. प्रकरण गुंतागुंतीचं आहे.”

एकोणीस वर्षांत माझ्या कार्डाबद्दल मला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. बायकोने एकदा विचारला होता, पण तो ‘ही रद्दीत द्यायची का?’ असा होता. मी खुर्ची ओढून बसलो.

“मग त्यांचं लग्न झालंय की नाही?” मामांनी विचारलं.

“तिथेच तर मतभेद आहेत.”

“लग्न झालंय की नाही यावर मतभेद?”

“इकडे विचाराल तर पुष्कळ जण म्हणतील, कडक ब्रह्मचारी. तिकडे गेलात तर दोन बायका. एक डाव्या बाजूला, एक उजव्या. काही लपवाछपवी नाही.”

मामांनी खिशातून छोटी वही काढली. “इकडच्यांना तिकडचं माहीत नाही?”

“बहुतेकांना नाही. सांगायला गेलं तर रागावतात. आमचा तसला नव्हेच, म्हणतात.”

“साहजिक आहे. पहिली कोण?”

“देवराजांची मुलगी.” इंद्र म्हणण्यापेक्षा देवराज म्हणणं मला भारदस्त वाटतं.

“हे देवराज तिकडचे?”

“दोन्हीकडे त्यांचं वजन आहे. प्रस्थ मोठं, पण आपली खुर्ची कोणी तरी काढून घेईल या धास्तीत कायम. सेनापतींनी त्यांच्यावरचं एक मोठं संकट निवारलं, म्हणून मुलगी दिली.”

“म्हणजे कामाचा मोबदला.”

“तसंही म्हणता येईल.”

“आणि दुसरी?”

“दुसरी वल्ली.”

“असेल. नाव काय?”

“वल्ली.”

मामांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “सांगायचं नसेल तर राहू द्या,” म्हणाले आणि वहीत लिहिलं. मुद्रितं तपासून तपासून मला उलटं वाचता येतं. ‘दुसरी – विक्षिप्त. नाव दडवतात.’ मला वाटलं, मामांची टिपणाची पद्धत माझ्यासारखीच आटोपशीर आहे. मला तो माणूस आवडायला लागला.

“कुठे गाठ पडली?”

“डोंगरात. ती शेतावर पाखरं हाकायला बसायची. हा आधी शिकारी होऊन गेला, मग म्हातारा होऊन गेला. खायला मागितलं, प्यायला मागितलं, लग्नाचं विचारलं. ती बधेना. शेवटी भावाला बोलावलं.”

मामांचं पेन थांबलं. “भाऊ आहे?”

“आहे म्हणजे काय! फार प्रसिद्ध.”

“आम्हाला सांगितलं, एकच बहीण आहे.”

इथे माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पण आमच्या धंद्यात असं होतं, की समोरच्याने नवीन काही सांगितलं की आधी आधाराची हाव सुटते. मला वाटलं, मामांनी एखादी दुर्मीळ पोथी पाहिली आहे आणि तिच्यात बहीण आहे. मी कार्डाच्या मागे घाईघाईने टिपलं: ‘बहीण? – मामांना विचारणे.’

“बहिणीचं मला माहीत नाही,” मी म्हणालो. “पण भाऊ नक्की. फक्त दोघांत थोरला कोण, ते ठरत नाही.”

“घरात ठरत नाही?”

“घरातलं फळावरून बिनसलं ना. फळ एक, पोरं दोन. जगाला फेरी मारून जो आधी येईल त्याला फळ. हा बिचारा निघाला प्रवासाला. भावाने घरच्या घरी आईबापांभोवती फेरी मारली आणि फळ घेऊन मोकळा.”

“हे कायम प्रवासात, आणि मागे घरच्याने हात मारला. असं होतं.” मामांनी मान डोलावली. “आणि हा भाऊ त्या दुसरीच्या प्रकरणात काय करतो?”

“हत्ती होतो. ती घाबरून याच्या गळ्यात पडते.”

“भाऊ हत्ती आहे? म्हणजे अंगाने?”

“अंगाने आहेच. पण विशेषतः डोकं.”

‘भाऊ – अवाढव्य. धाक घालून लग्न.’ मामांनी ओळीखाली ओळ मारली.

“शेवटचं विचारतो. पाच नंबरला तुम्ही लिहिलंय, पहिलीला दुसरीचं माहीत आहे का, ते पाहणे. पाहिलंत?”

“अजून नाही. गुरुवारच्या आत पाहून टाकतो.”

“गुरुवारपर्यंत जाणार नाही ते,” मामा म्हणाले. मग त्यांनी कार्ड टेबलावर सरळ ठेवलं, आकार कळावा म्हणून शेजारी काड्यापेटी ठेवली आणि मोबाइलवर दोन फोटो काढले.

बायको बिस्किटं घेऊन जिन्यात पोहोचली तेव्हा मामा उतरत होते. “तुमचे मिस्टर अतिशय प्रामाणिक आहेत,” त्यांनी तिला सांगितलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्याबद्दल हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं. वर आली ती भेदरलेलीच.

“काय बोललात?”

“काही नाही. कामाबद्दल. मामा फार अभ्यासू आहेत.”

दुपारी एकला फोन आला. बायकोने तो स्वयंपाकघरात घेतला आणि बाहेर आली ती हातातला झारा खाली ठेवायला विसरून.

“माझ्या भावाला दोन बायका आहेत?”

“कोण म्हणतं?”

“तुम्ही.”

मग झाऱ्याच्या टोकासमोर माझ्या डोक्यात सगळं एकेक करून जागेवर बसलं. देवराज, वल्ली, अवाढव्य भाऊ. मी तिला कार्ड दाखवलं. कार्तिकेयाबद्दल आहे, तमिळ आणि संस्कृत पोथ्यांची तुलना आहे, सगळं नीट समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिला पटलं. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, “पण मामांना ते लगेच खरं कसं वाटलं?”

“म्हणजे?”

“चोवीस वर्षं राखेत काढलेला माणूस. उगाच विश्वास ठेवेल? काही तरी असणार.”

संशयाचं असंच असतं. बाहेरचा माणूस तो आपल्याकडे विसरून जातो आणि मग आपणच तो जपून ठेवतो. मेहुणा पहाटेच सहलीवरून आला होता आणि आतल्या खोलीत झोपला होता. बायको आत गेली आणि त्याच्या सामानातली एक कापडी पिशवी घेऊन आली. ती टेबलावर रिकामी केली. त्यातून बायकी चष्मे निघाले दोन, केसांना लावायचे चिमटे पाच, एका पायाची सँडल, लिपस्टिक आणि रुमालात गुंडाळलेली दातांची कवळी.

“अरे ए सेनापती,” तिने हाक मारली. तो डोळे चोळत आला. “हे काय आहे?”

“हरवलेल्या वस्तू. लोक बसमध्ये विसरतात. उद्या कंपनीत जमा करायच्यात.”

“दोन्ही चष्मे बायकांचे?”

“ताई, पुरुष चष्मा विसरत नाहीत. ते बायको विसरतात. मागच्या खेपेला एकाने घाटात विसरली होती.”

“आणि ही कवळी?”

“ती एका आजींची आहे.”

“म्हाताऱ्याचा वेष तीन नंबरला येतोच,” मी म्हणालो. मला वाटलं, वातावरण हलकं होईल. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कार्ड खिशात घातलं.

मेहुण्याला सगळं कळायला पाच मिनिटं लागली आणि मला भावोजी म्हणायचं बंद करायला सहावं. मुलीला त्याने चार वेळा फोन लावला. तिने उचलला नाही. “गुरुवार गेला,” एवढंच म्हणाला आणि टेबलावरचे चिमटे एकेक करून पिशवीत भरायला लागला. मोठा माणूस, चाळीस जणांना शिटीवर चालवतो, आणि पाच चिमटे तीनदा मोजत होता. तेव्हा मात्र मला माझ्या आटोपशीरपणाची लाज वाटली.

चार वाजता आम्ही तिघं मामांच्या दारात. दाराला तीन कुलपं आणि एक दुर्बीण. दुर्बिणीमागे बराच वेळ डोळा होता. मग आत घेतलं.

टेबलावर फाइल तयार होती. माझ्या कार्डाचा फोटो मोठा करून छापून आणलेला, काड्यापेटीसकट.

“मामा, हे देवाबद्दल आहे,” मी सुरुवात केली. “कार्तिकेय. मुरुगन. हे माझं ऑफिसचं काम.”

“देव असं यावर कुठे लिहिलंय?”

“पेटीवर.”

“पेटी कुठे आहे?”

“कचेरीत. आज बंद असते.”

मामा खुर्चीत मागे टेकले. “चोवीस वर्षं मला हेच ऐकवलं लोकांनी. मूळ कागद कपाटात होता, आणि नेमकं कपाटच जळालं.”

“अहो, त्याला सहा तोंडं आहेत,” बायको म्हणाली. “मोरावर बसतो.”

“मोराचा या कागदात उल्लेख नाही.”

“मोर दुसऱ्या कार्डावर आहे,” मी म्हणालो.

“असेलच. बरं, देव आहे तर वर ‘सेनापती’ का? देवाला नाव नाही?”

हा प्रश्न मला कोणी विचारायला नको होता. विचारला की मी उत्तर देतो. “त्यातच तर गंमत आहे. संस्कृतात त्याला देवसेनापती म्हणतात. आता हा शब्द कसा फोडता त्यावर आहे. देवांची जी सेना, तिचा पती. म्हणजे लष्करातला हुद्दा. आणि देवसेना नावाची जी मुलगी, तिचा पती. म्हणजे नवरा. अक्षरं तीच. लग्न आहेही आणि नाहीही.”

“म्हणजे माणूस आपला हुद्दा सांगतोय असं आपल्याला वाटावं,” मामा सावकाश म्हणाले, “आणि प्रत्यक्षात तो बायको असल्याची कबुली देत असावा.”

“अगदी बरोबर!” मी म्हणालो. इतक्या लवकर हे आमच्या मुख्य संपादकांनाही कळलं नव्हतं. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

“असा एक शब्द पॉलिसीत असता, तर आमची कंपनी बुडाली असती.” मामा मेहुण्याकडे वळले. “आणि तुम्हीही सेनापतीच.”

“मला लहानपणापासून म्हणतात हो मामा.”

“कधीपासून?”

“दुसरीपासून.”

मामांनी वही उघडली.

“इयत्ता दुसरीपासून,” बायको ओरडली. “शाळेतली दुसरी!”

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा सरकला आणि मुलगी बाहेर आली. तिने सगळं ऐकलं असावं. कोणाकडे न बघता तिने टेबलावरचा मोठा फोटो उचलला, हात लांब करून वाचला, जवळ आणून वाचला. मग मोबाइल काढला, त्यात काही तरी शोधलं आणि मामांसमोर धरला.

चित्रात मोर होता. मोराशेजारी देव, हातात भाला, डावीकडे एक, उजवीकडे एक. मामांनी खणातून भिंग काढलं. चित्र बघितलं, मेहुण्याकडे बघितलं, पुन्हा चित्र.

“हे तुमच्यासारखे दिसत नाहीत,” त्यांनी मान्य केलं.

“नाही दिसत,” मेहुणा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्याचा आनंद झाला असेल.

“यातली वल्ली कोणती?”

“ही,” मी म्हणालो.

“नावच वल्ली?”

“नावच.”

मामांनी वहीतली ‘नाव दडवतात’ ही ओळ पट्टी लावून खोडली. मुलीने दुसरं चित्र दाखवलं, त्यात गणपती होता. ‘अवाढव्य’ तेवढं मामांनी राहू दिलं, ‘धाक घालून लग्न’ खोडलं. दहा मिनिटांत पानभर संशय निकाली निघाला. मेहुण्याने माझ्याकडे पाहून पुन्हा एकदा ‘भावोजी’ म्हटलं. बायकोने चहाचं विचारलं, जणू घर तिचंच आहे.

“एक मिनिट,” मुलगी म्हणाली. ती अजून कार्ड वाचत होती. “दोन बायकांचं मला क्षणभरही खरं वाटलं नाही. याला एक हॉटेल ठरवायला चार तास लागतात. पण मामांनी हे वाचून दाखवलं ना, तेव्हा मी चार नंबरला अडकले. घर सोडलं, डोंगर, परत नाही.”

“ते देवाचं आहे,” मेहुणा म्हणाला.

“देवाचं आहे. पण मार्चमध्ये मी माझ्या मैत्रिणीला बसमध्ये तुझी खिडकीची जागा दिली, तर तू किती दिवस फोन बंद ठेवलास?”

“तेव्हा रेंज नव्हती.”

“तीन दिवस.”

“तो फळावरून रुसून बसलेला...” मी बोलायला लागलो. बायकोचा पाय पुन्हा पडला.

“मला एवढंच कळू दे,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज जरा खाली आला. “बिनसलं की तू जातोस. चल, ठीक आहे. माणूस जातो. पण येतोस का? मामा नाही म्हणतील याची मला भीती नव्हती. मला या एका ओळीची आहे.”

“मी काही रागावून जाणारा नाही,” मेहुणा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “सगळ्यांनी मिळून सकाळपासून माझी उलटतपासणी चालवली आहे. मी जातो.”

आणि उठला. पण मामांच्या घरातून रागाने निघणं सोपं नाही. तीन कुलपं, त्यातलं मधलं उलटं फिरतं. तो खटपट करत राहिला. शेवटी मामांनीच उठून दार उघडून दिलं, “सावकाश, पायरी आहे,” असंही म्हणाले. दार लागलं.

मामा परत येऊन बसले, मग पुन्हा उठून दाराशी बघून आले. “रागावून गेले ते एक वेळ ठीक,” म्हणाले. “माझ्या चपला घालून गेले.”

आम्ही खिडकीशी गेलो. समोरच्या बागेत मातीचा एक उंचवटा आहे, लहान मुलं त्यावरून घसरतात. मेहुणा त्याच्या टोकावर जाऊन बसला होता, आमच्याकडे पाठ करून. दोन मुलं घसरायची वाट बघत मागे उभी होती.

“तुमच्या पोथ्यांत त्याला परत आणायला कोण गेलं?” मामांनी मला हळू आवाजात विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या हातात पेन नव्हतं.

“तिकडे आईबाप गेले. म्हणाले, फळाचं काय घेऊन बसलास, फळ तूच आहेस.”

“मग आला?”

“नाही.”

“इकडे?”

“इकडेही गेले आईबाप. इकडेही नाही आला. या एका मुद्द्यावर दोन्हीकडे एकमत आहे.”

मुलीने ते ऐकलं. दाराजवळचे मेहुण्याचे बूट उचलले, कुलपं पटापट उघडली आणि खाली गेली.

वरून ऐकू काही आलं नाही. मामांनी खिडकी पूर्ण उघडून पाहिली, तरी नाही. ती उंचवट्याच्या पायथ्याशी उभी राहिली, हातात बूट. काही तरी एक वाक्य बोलली. वर चढली नाही. बूट गवतावर ठेवले आणि परत फिरली. मेहुणा तसाच बसून. माझ्या बायकोने माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली. मग मागची मुलं कंटाळून काही म्हणाली असावीत, कारण तो उठला, घसरगुंडीवरून बसूनच खाली आला, बूट घातले, मामांच्या चपला हातात घेतल्या आणि तिच्या मागून रस्ता ओलांडला.

“अकरा मिनिटं,” मामा घड्याळ बघत म्हणाले आणि वहीत लिहिलं: ‘परत आले.’ खाली वेळ आणि सही.

“काय म्हणालीस त्याला?” बायकोने मुलीला नंतर विचारलं.

“काही नाही. म्हटलं, मामांच्या चपला घालून जायचं ठिकाण नसतं. बूट घाल आणि कुठे जायचं ते ठरव.”

गुरुवारी सह्या झाल्या. साक्षीदार तीन लागतात. बायकोने केली, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी केली. तिसऱ्या जागी माझं नाव आधीपासून ठरलेलं होतं, मी पेनसुद्धा नवीन नेलं होतं. मामांनी ते शांतपणे माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः सही केली. कारकुनाने विचारलं, हे यांचे जवळचे नातेवाईक असताना यांची का नको?

“सही करतील हो,” मामा म्हणाले. “पण खाली टीप लिहितील.”

सगळे हसले. मीही हसलो. टीप खिशात तयार होती, हे मी कोणाला सांगितलं नाही. दोनच ओळींची होती, क्रियापदाशिवाय.